पाळण्यातला वारस आणि फाटकाबाहेरची गर्दी

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात 22 जुलै 2013 रोजी ब्रिटिश गादीचा भावी वारस राजपुत्र जॉर्ज याचा जन्म झाला, तेव्हा वार्ताहर आधीच कित्येक दिवस दाराशी तळ ठोकून होते आणि बकिंगहॅम राजवाड्याच्या अंगणात जन्माची सूचना चौकटीत मांडली जाताच फाटकाबाहेर एकच झुंबड उडाली. हा उत्साह निव्वळ हौसेचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी वारसाहक्काचा, म्हणजे गादीवर पुढे कोण बसणार याचा, जुना राजकीय प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये 1688 साली दुसरा जेम्स या कॅथलिक राजाला मुलगा झाला, तेव्हा हे मूल राणीचे नसून अंथरूण ऊबदार करण्याच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून चोरून आणले आहे, अशी आवई प्रोटेस्टंट विरोधकांनी उठवली, आणि प्रसूतीच्या दालनात अनेक साक्षीदार असूनही ती इतकी पसरली की वर्षअखेरीस राजाला देश सोडावा लागण्यात तिचाही वाटा होता. राजघराण्यातील जन्माच्या वेळी गृहमंत्र्याने साक्षीदार म्हणून हजर राहण्याची प्रथा, जी बाळंतिणीच्या दृष्टीने जाचकच म्हटली पाहिजे, 1948 मध्ये पुढे राजा झालेल्या चार्ल्सच्या जन्मापूर्वी बंद झाली.

थोरल्या बहिणीला डावलून धाकट्या भावाला गादी देणारा नियम मोडणारा कायदा एप्रिल 2013 मध्ये संमत झाला होता. जॉर्ज पहिलाच आणि मुलगा असल्याने या कायद्याचा प्रश्न तेव्हा उद्भवला नाही. मात्र 2018 मध्ये त्याचा धाकटा भाऊ लुई जन्मला, तरी लुईची थोरली बहीण शार्लट हिचे वारसाक्रमातील स्थान त्याच्या पुढेच राहिले.