वणीचा डोंगर: एक रांग, दोन खोरी आणि १६७० ची लढाई

वणीहून सप्तशृंगगडाकडे निघाले की सातमाळा डोंगररांग आडवी येते. भाविकांसाठी ही देवीची वाट. पण याच रांगेने इथले पाणी वाटले आणि एका लढाईची जागाही ठरवली.

पाणी कुठे जाते?
रांगेच्या दक्षिणेला, दिंडोरी तालुक्यात पडलेला पाऊस कादवा नदीतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळतो. उत्तरेला, कळवणचे पाणी गिरणेतून तापीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. तालुके शेजारी, समुद्र मात्र वेगळे.

लढाई इथेच का झाली?
ऑक्टोबर १६७०. सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतत होते. रांग ओलांडायला खिंड गाठणे भाग होते. वाट अडवण्यासाठी मुघल सरदार दाऊदखान चांदवडला आला. १७ ऑक्टोबरला कांचनबारीजवळ उघड्यावर लढाई झाली. मराठे जिंकले, खजिना सुखरूप निघाला.

आज काय?
कादवेवर करंजवण, गिरणेवर चणकापूर धरण आहे. दिंडोरीची द्राक्षे आणि कळवणचा कांदा, दोन्हींचा हंगाम याच डोंगरावरच्या पावसावर ठरतो.