एचआयव्ही असलेलं मूल आणि लस

अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. लसीचं कार्ड मात्र बऱ्याचदा गावाकडच्या पेटीत राहतं. त्या कोपीतल्या मुलाला एचआयव्ही असेल, तर डोस चुकण्याला आणखी एक कारण मिळतं: ‘लेकरू आधीच नाजूक, त्याला सुई कशाला?’

नाजूक आहे म्हणूनच सुई हवी. गोवर, न्यूमोनिया, डांग्या खोकला या मुलांना जास्त छळतात. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही, पोलिओचं इंजेक्शन यांत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे लशीतून तो आजार होण्याचा प्रश्नच नाही. फार तर प्रतिसाद थोडा कमी मिळतो.

या भीतीत तथ्य आहे ते जिवंत लशींपुरतं. गोवर-रुबेलाची लस प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर थांबवतात. ते ठरतं प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशींवरून, मूल किती हडकलंय यावरून नाही. पाच वर्षांच्या आत या पेशींचं प्रमाण टक्क्यांत मोजतात. १५ टक्क्यांच्या खाली गेलं तर डॉक्टर थांबतात, एरवी लस द्यायचीच. जागतिक आरोग्य संघटना तर अशा बाळांना सहाव्या महिन्यात गोवरचा एक जादा डोस सुचवते. क्षयरोगाच्या बीसीजी लशीचं गणित वेगळं. एचआयव्ही पक्का झालेल्या आणि औषधं सुरू नसलेल्या बाळाला ती देत नाहीत. उपचारांनी तब्येत स्थिरावली की देता येते.

‘आईला आहे म्हणजे बाळाला असणारच’ हा समज तर सर्रास आढळतो. आईच्या प्रतिपिंडांमुळे साधी तपासणी १८ महिन्यांपर्यंत फसवू शकते. म्हणून सहाव्या आठवड्यात थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करतात. आईचे आणि बाळाचे उपचार वेळेवर झाले तर बहुतेक बाळं निगेटिव्ह निघतात. तपासणीचा निकाल येईपर्यंत निव्वळ संशयावरून लशी अडवून धरणं हा अडाणीपणाच, मग तो घरच्यांचा असो की दवाखान्यातला.

एक गोष्ट शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरची, औषधं सुरू होण्याआधी घेतलेली गोवरची लस पुरेशी लागलेली नसू शकते. औषधांनी सीडी-४ वर आले की ती पुन्हा द्यावी लागते. ‘एकदा टोचलंय की’ म्हणून विषय संपवू नये.

उरली लोकांची भीती. लातूर जिल्ह्यात हासेगावच्या ‘सेवालय’ या एचआयव्ही असलेल्या मुलांच्या संस्थेतली मुलं शाळेत नकोत म्हणून गावातून विरोध झाला होता. एका बाकावर बसून एचआयव्ही पसरत नाही. उलट वर्गातल्या एखाद्या लस न घेतलेल्या मुलाचा गोवर या लेकराला महागात पडू शकतो. घरच्या भावंडांच्या लशीही म्हणूनच पूर्ण हव्यात.

लस मागताना सगळ्यांसमोर आजार सांगायची गरज नाही. डॉक्टरांच्या कानावर घातलं की पुरे. त्यांनी ते गुप्त ठेवायला हवं, असं २०१७चा एचआयव्ही कायदाच सांगतो. टोळी हलताना लसीचं कार्ड आणि एआरटीची वही सोबत घ्यावी. राहिलेला डोस जवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आणि मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही.