सात कोणाचे, बारा कोणाचे?

सातबारा हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की त्यात दोन कागद आहेत हेच आपण विसरतो. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची. नमुना बारा सांगतो तीत काय पेरले. सरकारी मदतीचा पैसा निघतो तो सातच्या वाटेने. पेरणारा वेगळा असेल, तर त्याची गाठ त्या पैशाशी पडत नाही.

2019 साली आलेल्या पीएम-किसान योजनेचेच पाहा ना! वर्षाला 6000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट खात्यात. 2023 साली राज्याने ‘नमो शेतकरी’च्या नावाने तितकीच भर घातली. थेट खात्यात पैसा येणे ही सोय लहान नव्हे. त्याआधीच्या रांगा आणि दलाल मी बँकेच्या काउंटरमागून पुष्कळ पाहिले. पण अट अशी, की 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमीन नावावर हवी. वारसाने नंतर आलेली जमीन तेवढी चालते. मक्त्याने वावर करणारा मात्र योजनेत नाहीच.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भाला गारपिटीने झोडपले. पुढे नुकसानभरपाई जमा होऊ लागली तेव्हा काटोलकडची एक बाई पासबुक घेऊन बँकेत आली. खात्यात काही नव्हते. ती शांतपणे म्हणाली, “गारा माह्या गव्हावर पडल्या साहेब, अन् पैसे मालकाच्या खात्यात.” नवरा गेल्यावर तिने चार एकर मक्त्याने केले होते. मक्त्याची रक्कम पेरणीआधीच रोख दिलेली. कागद मात्र एकही नव्हता.

मालक लिहून का देत नाहीत? कूळ कायद्याची धास्ती! विदर्भासाठी तो 1958 साली झाला आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करून गेला. त्यामुळे आजही करार तोंडीच होतो. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून सावकार. 2008 साली केंद्राची मोठी कर्जमाफी आली ती बँका-सोसायट्यांच्या कर्जाला. सावकाराच्या वहीतला आकडा तसाच राहिला.

यावर उपाय सुचलेले नाहीत असे नाही. 2016 साली नीती आयोगाने आदर्श कायद्याचा मसुदा काढला: मालकी अबाधित राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, भरपाई मिळावी. 2019 साली आंध्र प्रदेशाने अकरा महिन्यांचे पीक-हक्काचे कार्ड देणारा कायदा केला. पण त्यावर मालकाची सही लागते, आणि ती देताना तिथलेही मालक कचरले.

म्हणजे गाडी अडते ती मालकाच्या भीतीपाशी. आणि हे मालक कोण? नागपुरात नोकरीधंद्याला स्थिरावलेले, गावी आठ-दहा एकर असलेले, तुमच्या-माझ्यासारखेच. कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. तोवर मक्ता ठरवताना दोन साक्षीदारांपुढे एवढे तरी बोलून घ्यावे: पिकाची भरपाई आली, तर ती ज्याचे पीक गेले त्याला द्यायची. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, आणि आपली जमीनही जात नाही.