‘अस्पृश्य’ ते ‘दलित’ : डॉ. एलिनॉर झेलियट यांची इतिहासदृष्टी

एखाद्या समाजाचा इतिहास लिहिताना त्या समाजास कोणत्या नावाने संबोधावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिभाषेचा वाटतो. वस्तुतः ते नाव कोणी दिले यावरून इतिहास कोणाच्या दृष्टीने लिहिला जात आहे, हे ठरत असते. आंबेडकरी चळवळीच्या अमेरिकन इतिहासकार डॉ. एलिनॉर झेलियट यांच्या कार्याचे मर्म या प्रश्नात सापडते.

झेलियट यांचा जन्म १९२६ साली आयोवा राज्यात झाला. समता व शांतता यांचा पुरस्कार करणाऱ्या क्वेकर पंथाच्या त्या अनुयायी होत्या. डॉ. आंबेडकर व महार समाजाची चळवळ या विषयावरील प्रबंधास पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने १९६९ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षापासून १९९७ पर्यंत त्यांनी मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात अध्यापन केले. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

या संशोधनासाठी केवळ सरकारी कागदपत्रे पुरेशी नव्हती. त्यांत अस्पृश्य समाज येतो तो बहुधा इतरांनी केलेल्या वर्णनातून. म्हणून झेलियट मराठी शिकल्या, चळवळीची नियतकालिके व पत्रके त्यांनी अभ्यासिली आणि कार्यकर्त्यांच्या आठवणी ऐकल्या. वसंत मून यांच्यासारख्या संग्राहकांचे साहाय्य त्यांस लाभले. या साधनांमुळे चळवळीचा आरंभ डॉ. आंबेडकरांच्याही आधी शोधता येतो. लष्करभरतीचे दार महारांस बंद झाले, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने १८९४ साली विनंतिअर्ज सिद्ध केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. अर्जापासून सत्याग्रहापर्यंत व तेथून राजकीय पक्षापर्यंतचा हा प्रवास दयेचा नसून हक्काच्या वाढत्या जाणिवेचा आहे, हे झेलियट यांच्या विवेचनातून स्पष्ट होते.

भाषाभ्यासकास विशेष महत्त्वाचा वाटेल तो त्यांचा ‘दलित’ या शब्दावरील निबंध. ‘अस्पृश्य’ हा शब्द विटाळाची कल्पना गृहीत धरतो. ‘बहिष्कृत’ हे विशेषण डॉ. आंबेडकरांनी १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेसाठी व १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’ पत्रासाठी योजिले. बाहेर घालविणारा कोणीतरी आहे, हे त्यातून सूचित होते. ‘दलित’ म्हणजे दळला गेलेला, भरडलेला. शब्द जुनाच, परंतु १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने व दलित साहित्यिकांनी तो स्वतःसाठी स्वीकारला, तेव्हा त्यास नवा सांस्कृतिक अर्थ आला. झेलियट यांच्या मते या शब्दातच विटाळ, कर्मविपाक व जातीची उच्चनीचता यांचा नकार अंतर्भूत आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहास त्यांनी ‘अस्पृश्यापासून दलितापर्यंत’ अशा आशयाचे नाव दिले, ते म्हणूनच अन्वर्थक होय.

पैठणच्या एकनाथांच्या भारुडांचाही त्यांनी अभ्यास केला. ‘जोहार’ करणारा महार तेथे अध्यात्माचा उपदेश करतो. तथापि ती वाणी त्याच्या मुखी घातलेली असते. विसाव्या शतकात ‘जोहार’ मागे पडून ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ झाले. या दोन शब्दांमधील अंतर म्हणजेच या समाजाच्या इतिहासाचा मोठा भाग होय.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तत्कालीन औरंगाबादच्या, विद्यार्थ्यास हा विचार परका नाही. १९५० साली येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले व पुढे ते ‘मिलिंद’ या नावाने ख्यात झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने येथूनच दलित लेखकांच्या पिढ्या घडविल्या. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत संमत केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार मात्र १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. नावासाठी माणसांस सोळा वर्षे झगडावे लागते, तेथे ‘नावात काय आहे’ हा प्रश्न उरत नाही.

सहानुभूतीमुळे इतिहासकाराची तटस्थता ढळते, असा आक्षेप घेतला जातो. झेलियट यांचे कार्य त्यास उत्तर देते. ज्यांचे शब्द दप्तरात नोंदले गेले नाहीत, त्यांचे शब्द मिळवून ते पुराव्याच्या कसोटीस लावणे, हे तटस्थतेचे उल्लंघन नव्हे. तशा शब्दांवाचून लिहिलेला इतिहासच एकांगी ठरतो. मराठवाड्याच्या गावोगावी अशी पत्रके व आठवणी असलेली माणसे आहेत. ती काळाच्या उदरात जाण्यापूर्वी नोंदणे, हे येथील संशोधकाचे पहिले कर्तव्य होय.