गायतोंडे पाहायला न्यूयॉर्क

डोंबिवलीकराला भाऊ साठ्यांचं शिल्पालय ठाऊक असतं. गेटवेसमोरचे अश्वारूढ शिवाजी महाराज त्यांनीच घडवले, हे तो पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. चेहरा ओळखू आला की कला आपली वाटते. भाऊंहून दीडेक वर्षाने मोठे असलेले वासुदेव गायतोंडे मात्र असे चटकन आपले होत नाहीत. त्यांच्या चित्रांत ओळखायला चेहराच नाही.

जन्म नागपूरचा, १९२४चा. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ला जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका, मग प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकार मंडळींत वावर. हुसेन, रझा, सूझा यांची नावं सर्वतोमुखी झाली. गायतोंडे अबोलच राहिले. सुरुवातीच्या कामांत चित्रकार पाउल क्ली डोकावतो, माणसंही दिसतात. पुढे माणसं गेली, उरला रंग. १९६४ला रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७२पासून मुक्काम दिल्लीत.

काम संथ. रोलर आणि पॅलेट नाइफने पातळ रंगाचे थरावर थर चढवायचे. रंग ओला असतानाच वर्तमानपत्राचे, मासिकांचे कापलेले तुकडे त्यावर दाबायचे आणि उचलून घ्यायचे. तुकड्याबरोबर थोडा रंग निघून येतो, मागे आकार राहतो. खालचा थर वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो. वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पुरे व्हायचे. छापील पानावर यातलं जवळजवळ काहीच उतरत नाही. चित्रासमोर जाऊन उभं राहायलाच हवं. पण बरीचशी चित्रं खासगी घरांत, देशोदेशी पांगलेली. ती गोळा करणार कोण?

ते काम न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने केलं. २४ ऑक्टोबर २०१४ ते ११ फेब्रुवारी २०१५ या काळात, संधिनी पोद्दार यांच्या संयोजनाखाली, सुमारे तीस संस्था आणि संग्राहकांकडून आणलेल्या ४५ कलाकृती तिथे मांडल्या गेल्या. पुढे त्यातूनच व्हेनिसला प्रदर्शन भरलं. यजमानही योग्यच भेटला. १९३९ साली हे संग्रहालय सुरू झालं तेच मुळी वस्तुनिरपेक्ष चित्रांसाठी. आणि गायतोंड्यांनाही आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं रुचत नसे, 'वस्तुनिरपेक्ष' हाच शब्द त्यांना पसंत होता.

या प्रदर्शनाआधी वर्षभरच, डिसेंबर २०१३मध्ये, क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं होतं. बातमी झाली ती या आकड्याची. लिलाव चित्राला एका दिवाणखान्यातून दुसऱ्यात नेतो. प्रदर्शन त्याला निदान काही महिने चारचौघांत आणतं. अर्थात मोठं प्रदर्शन झालं की पुढच्या लिलावाची बोलीही चढते, हे विसरून चालणार नाही.

गायतोंड्यांबद्दल लिहिताना झेनचा उल्लेख हटकून येतो. तो गैर नाही. पण त्यांना अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या विचारांचीही ओढ होती, आणि महाराज बोलत ते मराठीत, गिरगावला लागूनच असलेल्या खेतवाडीत. ही बाजू मराठीतून सांगायला हवी. सतीश नाईक यांच्या 'चिन्ह'ने २०१६ला काढलेला 'गायतोंडे' हा ग्रंथ म्हणून मोलाचा वाटतो.

मूळ चित्रं पाहायची तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या काळापासून जमवलेल्या संग्रहात गायतोंडे आहेत. डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि पुढे बस, एवढंच अंतर. पण ती संशोधन संस्था आहे. मनात आलं म्हणून आत शिरता येत नाही. आधी परवानगीचं पाहावं लागतं.