नोकरी सांभाळून एमसीए : आधी तासांचा हिशेब मांडा

पदवी घेऊन लोह्यातच एखाद्या शाळेत, पतसंस्थेत किंवा संगणक केंद्रात नोकरीला लागलेल्या तरुण-तरुणींपुढे काही वर्षांनी एक पेच उभा राहतो. संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे तर पगार सोडावा लागतो. पगार सांभाळावा तर शिक्षण राहून जाते. नांदेड येथे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे शिक्षण लोह्याच्या जवळ आले खरे. परंतु नियमित अभ्यासक्रमाला दिवसाची उपस्थिती लागते. साहजिकच अशा विद्यार्थ्यांची दृष्टी दूरशिक्षणाकडे वळते. ही वाट चांगली आहे. मात्र ती धरताना शुल्काआधी तासांचा हिशेब मांडावयास हवा.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या म्हणजेच ‘इग्नू’च्या एमसीएचे उदाहरण घेऊ. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा व ८० श्रेयांकांचा आहे. एका श्रेयांकासाठी ३० तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. म्हणजे एकूण २,४०० तास झाले. दोन वर्षांत ते पूर्ण करावयाचे तर आठवड्याला सुमारे २३ तास, अर्थात सणवार व लगीनसराई धरून रोज सव्वातीन तास द्यावे लागतील. विद्यापीठ कमाल चार वर्षांची मुभा देते. तेवढा अवधी घेतल्यास हा भार निम्म्यावर येतो. म्हणून पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने पहिल्याच दिवशी तीन ते चार वर्षांचा आराखडा आखावा. स्वाध्याय वेळेत सादर करावे लागतात आणि प्रात्यक्षिकांना हजेरी लागते. त्यामुळे एमसीएचे अभ्यासकेंद्र नेमके कोठे आहे, हे अर्जापूर्वीच पाहावे. बीए किंवा बीकॉम झालेल्यांनी बारावीला अथवा पदवीला गणित होते का, तसेच कोणते पूरक विषय घ्यावे लागतील, याचीही खात्री करावी.

दुसरा मुद्दा मान्यतेचा. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगी न घेता दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला. वर्षानुवर्षे अभ्यास करून, पैसे भरून मिळविलेला कागद त्यामुळे अनेकांच्या हाती निरुपयोगी ठरला. दूरशिक्षणाने एम.टेक. देऊ करणाऱ्या जाहिरातींपासून म्हणूनच सावध राहावे. उलट, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या आहेत, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ही मान्यता संस्थेपुरती पाहून भागत नाही. आपला अभ्यासक्रम व आपले प्रवेशवर्ष आयोगाच्या यादीत आहे का, ते तपासावे. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी ‘डीईबी आयडी’ही काढावा लागतो.

तिसरा मुद्दा हेतूचा. अध्यापन किंवा पदोन्नतीसाठी पदवीच हवी असेल तर एमसीए योग्य. मात्र संबंधित पदाच्या नियमांत ती ग्राह्य आहे का, हे आधी वाचावे. उद्योगात अनुभव घेतलेल्यांसाठी आयआयटी कानपूरने २०२२ मध्ये ‘ई-मास्टर्स’ सुरू केले. त्याला ‘गेट’ परीक्षेची अट नाही व ते एक ते तीन वर्षांत पूर्ण करता येते. परंतु शुल्क लाखांच्या घरात जाते. केवळ एखादे नवे कौशल्य हवे असेल, तर पदवीच्या मागे लागण्याचे कारणच नाही.

निर्णय होत नसेल तर एक स्वस्त कसोटी आहे. ‘स्वयम्’वरील एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा एखादा अभ्यासक्रम निवडावा. नावनोंदणी विनामूल्य असते. शुल्क लागते ते केवळ परीक्षेचे. नोकरी करून, घरचे पाहून हे बारा आठवडे नेटाने पार पडले, तर पुढील तीन-चार वर्षेही पार पडतील. ते पडले नाहीत तरी गमावले ते तीन महिने. आयुष्याची वर्षे आणि घरची शिल्लक शाबूत राहील.