घरगुती फलपानकें

परंडे तालुक्यांतील आमचें सोनारी हें काळभैरवनाथाचें स्थान. देवळाच्या परिसरांत वानरांचा मोठा राबता. भाविकांच्या हातचीं केळीं पळविणारीं वानरें आम्ही नित्य पाहतों. परंतु फळाचा रस तेवढा पिळून घेऊन चोथा टाकणारें वानर अद्याप दृष्टीस पडलें नाहीं. ती कला मनुष्यासच साधली आहे!

घरोघर मिक्सर आल्यापासून फळें वाटून केलेलें पेय मुलें आवडीनें घेतात व त्यास 'स्मूदी' म्हणतात. नांव नवें असो. आपला 'पन्हें' हा शब्द संस्कृत 'पानक' ह्यापासूनच झालेला आहे. प्रश्न आहे तो गाळणीचा व साखरेचा. आमचे वडीलबंधु मधुमेही. फळ तें निरुपद्रवी असें मानून ते रोज मोसंब्यांचा गाळलेला रस दोन पेले घेत, आणि रक्तांतील साखर कां चढते ह्याचा उलगडा घरांत कोणास होईना. जागतिक आरोग्य संघटनेनें 2015 सालीं फळांच्या रसांतील साखर वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीस बसविली आहे. अशी साखर दिवसाच्या एकंदर उष्णांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी. म्हणजे 2000 उष्णांक घेणारानें 50 ग्रॅमच्या आंत राहावें. सबंध फळांतील साखर तींत धरलेली नाहीं. वाटलेलें फळ ह्या दोहोंच्या मधलें. चोथा राहतो, पण चावणें टळतें, आणि बोलतां बोलतां तीन केळीं पोटांत जातात. म्हणून माणशीं एकच फळ. गाळणी नाहीं, साखर नाहीं.

एक पिकलेलें केळें, वाटीभर तापवून निवविलेलें दूध, एक वेलदोडा व चार भिजविलेले बदाम हीं एकत्र फिरवावीं. मिक्सर नसल्यास केळें कुस्करून रवीनें घुसळावें. (केळें व दूध ह्या जोडीसही कित्येक वैद्य नाक मुरडतात, शिकरणावर वाढलेले आम्ही तें मनावर घेत नाहीं.) बालाघाटाच्या डोंगरांत सीताफळें विपुल. त्यांचा गर हातानेंच सोडवून दुधांत कालवावा. बी यंत्रांत जाऊं देऊं नये, ती विषारी असते. दुधांत आंबट फळ मात्र कदापि नको. दूध फाटतें, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, 26 व्या अध्यायांत, तो विरुद्धाहार गणला आहे. पपईसही दूध मानवत नाहीं, थोड्याच वेळांत कडवटपणा येतो. तिला पाणी, लिंबू, सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड पुरे.

पेय तत्काळ घ्यावें, राखून ठेवूं नये. तळाशीं चोथा राहिल्यास चमचा मागून घ्यावा.